वर राहिलेला हात

छोटी मोटर घ्यायला निघालेला माणूस हटकून वेगाच्या मागं लागतो. परवा एक ओळखीचे गृहस्थ आले. रिटायर झालेत, हाताला चाळा म्हणून आता घरी काहीबाही यंत्रं करत बसतात. मला म्हणाले, "चांगली भन्नाट फिरणारी मोटर सुचवा." मी म्हणालो, "भन्नाट फिरवून करायचंय काय? पिठाची गिरणी टाकताय?" त्यांना राग आला. येऊ दे. चाळीस जणांना सांगून झालंय, एक ऐकेल तर शपथ. मोटर किती जोरात फिरते हे बघू नका, ती थांबते कुठं ते बघा. आणि थांबल्यावर तिथंच राहते का, ते बघा. लहान कामाला गिअर लावलेली स्टेपर घ्या. वीज दिली की ती गरागरा फिरत नाही, टक करून एक पाऊल टाकते आणि उभी राहते. पुढचं पाऊल तुम्ही म्हणाल तेव्हा.

हे मी कुठल्या पुस्तकात शिकलो नाही. माझ्या आईमुळं शिकलो, आणि तिला तर मोटर म्हणजे विहिरीवरची एवढंच ठाऊक होतं.

आमच्या घरात फौजेची नोकरी बापजाद्यांपासून. आबा, म्हणजे माझे वडील, हवालदार होऊन पेन्शनीत आलेले. थोरला भाऊ, आमचा दादा, त्यांच्याच पलटणीत भरती झाला. मी डोळ्यानं अधू, जाड भिंगाचा चष्मा, त्यामुळं राहिलो साताऱ्यातच, कॉलेजच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून. दादा मला बारक्या म्हणायचा. मिशी आल्यावरही बारक्याच.

दादाची रजा संपली की घरात एक ठरलेला रिवाज चालायचा. आई त्याला ओवाळायची, तळहातावर दही घालायची. तो "येतो" म्हणायचा. तो शब्द कानावर पडला की आई तोंड फिरवायची आणि सरळ चुलीपुढं जाऊन बसायची. जाणाऱ्या शिपायाच्या पाठीकडं बाईनं बघायचं नाही. बघितलं तर तो माघारी येत नाही. तिला हे तिच्या सासूनं सांगितलं होतं आणि सासूला तिच्या सासूनं. आमच्या आळीतल्या सगळ्या फौजी घरांत हेच. आबा उंबऱ्यावरच राम राम करायचे, स्टँडवर पोचवायला जाणं त्यांना बायकी वाटायचं. म्हणून ट्रंक घेऊन स्टँडवर जाणारा मी एकटाच.

लोणंदची एसटी. तिथून पुढं त्याची रेल्वे. दादा खिडकीशी बसायचा, आणि गाडी हलली की हात करायचा. हात हलवायचा नाही, लक्षात घ्या. कोपर खिडकीच्या दांडीवर टेकून हळूहळू वर न्यायचा, कानाच्या उंचीला आणून थांबवायचा, आणि तसाच धरायचा. वर्गात मास्तरांनी हजेरी घेताना पोरगं हात वर करतं तसा. गाडी स्टँडाबाहेर वळेपर्यंत तो हात खाली यायचा नाही.

एकदा मला म्हणाला, "म्हातारी कवाच बघत न्हाई रं माझ्याकडं. तू तरी बघत जा."

"बघतोय की. आंधळा हाय का मी?"

"अर्धा हायसच," म्हणाला आणि हसला.

एकाहत्तरच्या लढाईत तो बेपत्ता झाला. आधी तार आली, मग बऱ्याच महिन्यांनी कागद आला की त्यास मृत समजण्यात येत आहे. आबांनी तो मोठ्यानं वाचून दाखवला. आई भाकरी थापत होती. ती थांबली नाही. म्हणाली, "समजू देत त्यांना. मी न्हाई समजत."

इथून आमच्या घरात एक भांडण सुरू झालं, आणि ते दरवर्षी गणपती उठले की यायचं. पितृपंधरवड्याला आमच्याकडं म्हाळ म्हणतात. घरातल्या गेलेल्या प्रत्येक माणसाच्या नावानं एक पान वाढायचं. आबा म्हणायचे, "पोरगं उपाशी ऱ्हातंय, त्याचं पान वाढू." आई म्हणायची, "जित्या माणसाचं पान वाढत न्हाईत." आबा तांब्या आपटायचे, आई भांडी आपटायची, आणि पान काही वाढलं जायचं नाही. आबा जेवायचेच नाहीत त्या दिवशी. मी मधे. कुणाच्या बाजूनं बोलणार? मलाही तो कागद खरा वाटायचा, आणि आईकडं बघितलं की खोटा वाटायचा.

असं चार-पाच वर्षं चाललं. मग एका श्रावणात आमच्या आळीच्या मंडळाची पोरं आबांकडं आली. यंदा हलता देखावा करायचा म्हणाली. विषय, जवानाचा निरोप. अर्धी एसटी उभी करायची लाकडाची आणि कापडाची, खिडकीत जवान, खाली त्याची आई पदर डोळ्याला लावून उभी. जवानाचा हात हलणार. आबांनी मान हलवली, आणि विजेचं काम माझ्या गळ्यात पडलं. आई आतून सगळं ऐकत होती. पोरं गेल्यावर मला हाक मारली.

"त्यो हात तूच हलवणार न्हवं?"

"मीच. दुसऱ्या कुणाला येतंय इथं?"

"मग दादावानी हलव. तू बघितलाईस. मी एकदाबी बघितला न्हाई, त्यानं हात कसा केला त्यो."

एवढं बोलून ती पाणी आणायला गेली.  तिनं आजवर माझ्याकडं काही मागितलं नव्हतं. एवढी एकच गोष्ट मागितली होती, आणि ती साऱ्या जगात माझ्याच डोळ्यांत होती.

आता मोटर. पहिली मोटर मी लावली ती एका मोडीत काढलेल्या जीपच्या काचेवरच्या वायपरची. तिच्यात दम होता, पण अक्कल नव्हती. हात असा सपासप व्हायला लागला की जवान माश्या हाकलतोय म्हणून पोरं लोळून हसली. मला हसू आलं नाही. डोक्यात तिडीक गेली, एकाच्या अंगावर पक्कड फेकली. मग वीज कमी करून बघितली, तर हात उचलेच ना, आणि एकदा उचलला की सुसाट वर जाऊन एसटीच्या कापडी टपाला आपटायचा. वीज बंद केली की धप्पकन खाली. ग्रामोफोनची मोटर लावली, तिला हाताचं वजन पेलवेना. एक जण म्हणाला, "गड्या, कशाला येवढी मरमर? खाली एक जण बसवू, दोरीनं वडंल." मी म्हणालो, "दोरीनं ओढायचा असता तर मी तुझ्या दाराशी आलो असतो का?" खरं म्हणजे तोच माझ्या दाराशी आला होता. पण रागात कोण बघतो?

दोरीनं हात वर गेला असता. पण दादाचा हात झाला नसता. दादाचा हात थांबायचा, आणि मला ते थांबणं पाहिजे होतं.

कॉलेजच्या लायब्ररीत एक परदेशी मासिक यायचं. त्यात मी स्टेपर मोटरीबद्दल वाचलं होतं. आपल्याकडं दुकानात ती कुठली मिळायला? मिळालीच तर भंगारात. म्हणून सांगलीला गेलो. हळदीच्या पेठेच्या मागं एक भंगारवाला होता, कारखान्यांतून मोडीत निघालेली यंत्रं घ्यायचा. तिथं हळदीची धूळ सगळ्यावर, लोखंडसुद्धा पिवळं. कागदावर आलेख काढणारं एक विलायती यंत्र उघडून पडलं होतं. त्याच्या पोटात ती होती. कुंकवाच्या करंड्याएवढी, एका अंगाला गिअरची चपटी डबी, आणि पाच तारा. मी हातानं तिचा दांडा फिरवून बघितला. ढिम्म हलला नाही.

"ती मेलीया," भंगारवाला म्हणाला. त्यानं बॅटरीच्या दोन तारा लावून दाखवल्या. मोटर टक झाली आणि गप्प. "बगा. फिरतच न्हाई. येवढ्यासाठी साताऱ्यास्नं आला व्हय?"

मी मनात उडीच मारली. ती मेली नव्हती, ती एक पाऊल टाकून पुढच्याची वाट बघत होती. पण त्याला तसं म्हणालो नाही. म्हणालो, "असू दे, पोरांच्या खेळायला हुईल." त्यानं ती माझ्या पिशवीत टाकली, वर मूठभर स्क्रूही टाकले, आणि चहा पाजला. परतीच्या एसटीत मी पिशवी मांडीवर घेऊन बसलो होतो. शेजारच्या बाईनं विचारलं, "अंडी हाईत का?" मी व्हय म्हणालो.

त्या पाच तारांनी मला रडकुंडीला आणलं. एक सगळ्यांची सामाईक, आणि बाकीच्या चार वेगवेगळ्या गुंडाळ्यांच्या. त्या चौघींना ठरलेल्या क्रमानं, आळीपाळीनं वीज मिळाली तरच मोटर पुढं चालते. क्रम चुकला की जागच्या जागी थरथरते, थंडी वाजल्यासारखी. रंग पुसलेले, कुठली पहिली नि कुठली दुसरी, कोण सांगणार? मी घरी माळवदावर बसून एकेक तार लावून बघायचो. टक, टक, थरथर. टक, थरथर. खालून आई विचारायची, "झाला का दादावानी?"

"अजून न्हाई."

"हळू वर जातुया न्हवं?"

"अगं अजून फिरतच न्हाई ती! जरा दम धर की!"

 मग मलाच वाईट वाटायचं. मी खाली जाऊन पाणी मागायचो, तहान नसली तरी.

क्रम सापडला त्या दिवशी मोटर शहाण्यासारखी चालायला लागली. क्रम उलटा केला की माघारी यायची. मी चार ट्रान्झिस्टरांचं एक सर्किट केलं, त्याला दोन बटणं. एक दाबून धरलं की हात वर, दुसरं दाबलं की खाली, सोडलं की जिथं असेल तिथं उभा. हात मूर्तिकारानं भरीव केला होता, तो मी फोडायला लावला आणि कागदाचा पोकळ करून घेतला, कारण लहान मोटरीवर ओझं टाकलं की ती पावलं चुकते. आणि गिअरमुळं आणखी एक गोष्ट झाली. वीज काढून घेतली तरी हात खाली पडायचा नाही. बोटानं दाबलं तरी यायचा नाही. जास्त जोर केला तर दाते तुटले असते. गणपतीत लाईट कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून मला ते फार आवडलं. देखाव्यातला जवान मधेच लुळा पडायला नको.

गणपती बसले. आम्ही आरतीनंतर देखावा चालू करायचो. कर्ण्यावर रडक्या आवाजातली निवेदनाची टेप लागायची, एसटीची चाकं साध्या मोटरीवर जागच्या जागी फिरायची, आणि मी पडद्यामागं बसून बटण दाबायचो. हात दांडीवरून उचलायचा, हळूहळू वर, कानाच्या उंचीला येऊन थांबायचा. जवानाचं तोंड कुणासारखंच नव्हतं, मूर्तिकारानं त्याला भलत्याच झुपकेदार मिश्या काढल्या होत्या. पण तो हात... पहिल्या दिवशी मी स्वतःच बटण दाबलं होतं, आणि तरी मला हुंदका आला. तो दादाचाच हात होता. स्टँडावरचा.

आई रोज यायची. बायकांत पुढं उभी राहायची. पडद्याच्या फटीतून मला दिसायची. आणि हात उचलला रे उचलला की ती पाठ फिरवायची. सगळी आळी जवानाकडं बघतेय, आणि आई एकटी उलट तोंड करून, पदर दाताशी धरून उभी. हात खाली आला की मग परत वळायची.

एक दिवस बघितलं, दोन दिवस बघितलं. मग घरी आल्यावर माझा तोल गेला. "बघायचंच नव्हतं तर सांगितलंस कशाला? सांगलीपतोर जाऊन आलो. रक्त आटवलं त्या हातापायी. आणि तू भिताडाकडं बघत उभी!"

आई भांडी घासत होती. म्हणाली, "बघू वाटतंय रं लय. पण मान फिरती आपोआप."

"का फिरती? बाहुलं हाय ते. कागदाचं."

"व्हय, बाहुलंच हाय. पण हात त्याचा हाय न्हवं? तूच केलास. मी बघितलं तर मग त्यो यायचा कसा?"

 आबा ओसरीवर पडून ऐकत होते. म्हाळ तोंडावर आला होता. त्यांनी कूस बदलली.

विसर्जनाच्या आदल्या संध्याकाळी गर्दी फार होती. आरती झाली, चाकं फिरायला लागली, मी बटण दाबलं. हात वर गेला, थांबला. आईनं पाठ फिरवली. आणि लाईट गेली.

सगळी आळी एकदम ओरडली, तशी लाईट गेल्यावर ओरडतेच. चाकं थांबली, कर्णा मेला. पोरांनी शेजारच्या घरातून पेटवलेली गॅसबत्ती आणली आणि स्टेजच्या कडेला ठेवली. लोक कंटाळून पांगायला लागले. आई वळली. ती वळली ती निर्धास्तपणे. तिला वाटलं, लाईट गेली म्हणजे हात खाली पडला असणार. घरात पंखा थांबतो, रेडिओ थांबतो, तसाच तो पण. त्या गिअरचं मी तिला कधी बोललोच नव्हतो.

वळली, आणि समोर हात वर.

ती जागची हलली नाही. मी पडद्याबाहेर आलो. मला वाटलं ती आता ओरडेल, नाहीतर मटकन खाली बसेल. ती नुसती बघत राहिली. बत्तीचा सूं सूं आवाज येत होता. मग मला म्हणाली, "असाच करायचा व्हय?"

"व्हय. असाच."

"हलवायचा न्हाई?"

"न्हाई. नुसता धरायचा. गाडी वळंपतोर."

"आन् मी चुलीम्होरं," ती म्हणाली.

ती पायरी चढून स्टेजवर आली. मंडळाच्या पोरांनी केलेली ती आई, पदर डोळ्याला लावून एसटीकडं बघणारी, तिच्या बाजूनं ती पुढं गेली. त्या बाहुलीकडं तिनं ढुंकून बघितलं नाही. खिडकीशी जाऊन उभी राहिली आणि वर बघितलं.

"खाली घे आता. कवाधरनं वर हाय. अवघडला असंल."

"आई, लाईट आल्याबिगर येत न्हाई तो."

"हातानं घे."

"दात तुटत्याल आतले. थांब जरा. यील लाईट."

तिनं त्या कागदाच्या कोपराखाली आपला तळवा लावला. त्याचं ओझं घ्यावं तसा. आणि तशीच उभी राहिली. लाईट यायला बराच वेळ लागला. मी म्हणालो, "तुझा हात अवघडंल." तिनं तळवा काढला नाही. एक-दोन बायका तिला बोलवायला आल्या आणि पायरीवरनंच परत गेल्या. आईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, एवढ्या वर्षांत मी पहिल्यांदा बघत होतो, आणि तिनं ते पुसलं नाही. एक हात गुंतलेला होता आणि दुसऱ्या हातानं तिनं खिडकीची दांडी धरली होती.

लाईट आली. चाकं फिरायला लागली, निवेदनाची टेप मधूनच रडायला लागली, ती कुणीतरी बंद केली. मी पडद्यामागं जाऊन दुसरं बटण दाबलं. हात टक टक करत खाली येऊ लागला. आईचा तळवा त्याच्या खाली होता, तोही त्याच्याबरोबर खाली आला. तिनं तोंड फिरवलं नाही. हात दांडीवर टेकला, तेव्हा तिनं आपला हात काढून घेतला.

आम्ही दोघं घरी आलो.  आबा मोरीतून नुकतेच पाय धुऊन बाहेर आले होते, पंच्यानं पुसत होते. आई उंबऱ्यातच थांबली. आत चुलीकडं गेली नाही.

"आवं," ती म्हणाली, "औंदाच्या म्हाळाला एक पान जास्त वाढायचं."

आबांनी तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. पंचा खांद्यावर टाकला, तांब्या उचलला आणि धुतलेले पाय परत धुवायला मोरीत गेले. बराच वेळ नुसतं पाणी पडल्याचा आवाज येत होता.